सरपंचताई, टीकेतला प्रश्न आधी वेगळा काढा

विचारणाऱ्या ताई महिलांसाठी राखीव जागेवरून थेट निवडून आलेल्या सरपंच आहेत. आधी बचत गटाच्या सचिव होत्या. निवडून येऊन वर्ष होत आलंय. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज काहीतरी पडतं: 'सरपंच नावाला, कारभार नवऱ्याचा', 'आधी स्वतःच्या दारात लाइट, मग गावात'. मागच्या ग्रामसभेत तीन-चार जणांनी आरडाओरडा केला आणि ताई रडत घरी आल्या. आता झोप लागत नाही. त्या विचारतात: उत्तर द्यावं की गप्प बसावं? टीका खरी आहे की नुसतं राजकारण, हे कसं ओळखायचं? आणि राजीनामा द्यावा का?

ताई, पंचायतीत निवडून आलेल्या महिलांची प्रशिक्षणं घेण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्यासारखा प्रश्न जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारला जातो, सगळ्यांसमोर कधीच नाही. तो तुम्ही मोकळेपणाने विचारलात, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

'लक्ष देऊ नका, लोक बोलतातच' हा सल्ला तुम्हाला एव्हाना सगळ्यांनी दिला असेल. मला तो पटत नाही. तुमच्या सहीने गावाचा पैसा खर्च होतो. त्या पैशाबद्दल बोलायचा गावाला हक्क आहे, मग बोलण्याची पद्धत वाईट का असेना. सगळंच कानाआड केलंत तर शिव्यांबरोबर कामाच्या गोष्टीही कानाआड होतील. पण प्रत्येक वाक्य मनाला लावून घेतलंत तर महिनाभरात तुम्ही घराबाहेर पडायचं बंद कराल. मी शिकवते ते एवढंच, की कोणतंही बोलणं आलं की त्यात कागद दाखवून उत्तर देता येईल असा प्रश्न आहे का, ते आधी बघायचं. असेल तर तो वेगळा काढायचा आणि त्याचं उत्तर द्यायचं. उरलेल्या भागाचं काय करायचं ते पुढे सांगते.

लाइटचंच घ्या. 'आधी स्वतःच्या दारात' या टोमण्यात सरळ प्रश्न आहे: एलईडी दिवे किती आले, कुठे कुठे लागले, क्रम कोणी ठरवला? पहिल्याचं उत्तर साठा नोंदवहीत आहे आणि बाकीच्यांचं मासिक सभेच्या ठरावात असायला हवं. वस्तीनिहाय यादी करून फलकावर लावा. यादी करताना तुमच्या दारातला दिवा खरंच पहिला निघाला, तर तो का लागला ते शोधा. वायरमनने तुम्हाला खूश करायला न विचारताच लावला असेल, असं फार ठिकाणी होतं. मग ग्रामसभेत तेच सांगा, आणि पुढचे दिवे ज्या वस्तीवर अजून अंधार आहे तिथे लागतील याची तारीख द्या. ओरडणाऱ्याची नियत काय होती, हे कळल्याशिवायही एवढं सगळं करता येतं. टीका खरी की राजकारण, हा तुमचा प्रश्न म्हणूनच मला दुय्यम वाटतो. बऱ्याचदा ती दोन्ही असते. विरोधी पॅनेलचा माणूस राजकारणासाठीच विचारतो, पण गटार तुंबलेलं असतं हेही खरंच असतं.

आता अवघड भागाकडे येते. तुम्ही मला लाइटबद्दल एक ओळ लिहिली आहे आणि नवऱ्याच्या टोमण्याबद्दल आठ. कुठलं बोलणं किती लागलं, याकडे नीट बघायची सवय लावून घ्या, कारण आत्मभानाचं काम तिथेच सुरू होतं. जे बोलणं साफ खोटं असतं त्याचा राग येतो आणि संध्याकाळपर्यंत ओसरतो. जे रात्री दोनला जागं करतं, त्यात थोडं तरी खरं असल्याची शंका आपल्याच मनात असते. नेहमीच असं असतं असं मी म्हणत नाही. चारित्र्यावर घातलेला घाव खोटा असूनही खोल जातो. पण कारभाराबद्दलच्या टीकेत हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की तुम्हाला काही प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, कोणाकडे असतो? वित्त आयोगाच्या पैशातून कंत्राटदाराला बिल जातं, तेव्हा सरपंचाची आणि ग्रामसेवकाची (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. तो डोंगल आणि त्याचा पासवर्ड ज्याच्या खिशात आहे, त्याच्याकडे तुमची सही आहे. पैसे कशावर गेले हे तुम्हाला बिल निघाल्यावर कळत असेल, तर ते तुम्ही खर्च केलेले नाहीत. मासिक सभेचं इतिवृत्त वाचून सही करता की पान उलटून? अधिकारी कामासाठी फोन तुम्हाला करतात की 'साहेबांना'? पंचायत समितीत बैठक असली की खुर्चीवर कोण बसतं?

या प्रश्नांची उत्तरं मला कळवू नका, स्वतःला द्या. उत्तर अवघड निघालं तर त्यात शरमेसारखं काही नाही. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा महिलांच्या झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. त्या जागांवर असंख्य घरांनी सुनेचा, बायकोचा अर्ज भरला, कारण जागा राखीव होती. तुम्ही अशा दारातून आत आलात ही तुमची चूक नाही. मात्र खुर्चीवर बसून वर्ष झाल्यावर डोंगल कोणाकडे ठेवायचा, हे आता तुम्हीच ठरवायचं आहे.

नवऱ्याने मदत केली म्हणजे कारभार त्याचा, असं अजिबात नाही. त्यांनी गाडी चालवावी, अर्ज लिहून द्यावेत, तालुक्याला सोबत यावं. पुरुष सरपंचांच्या मागेही भाऊ असतो, माजी सरपंच काका असतो, एखादा ठेकेदार असतो, आणि त्यांना कोणी रबरी शिक्का म्हणत नाही. हा अन्याय आहे आणि मी तो प्रत्येक व्यासपीठावर बोलून दाखवते. तरीही डोंगल आजच मागून घ्या. सातारा जिल्ह्यातल्या एका सरपंचताईंनी घरात एवढंच सांगितलं होतं, 'उद्या चौकशी लागली तर सही माझी निघणार आहे, म्हणून मी वाचूनच करणार.' घरात चार दिवस तोंडं फुगली. पुढच्या मासिक सभेला त्यांनी रोकडवही, म्हणजे नमुना ५, मागवला आणि ओळ न् ओळ विचारली. टोमणे लगेच थांबले नाहीत. पण ते ऐकून त्या पूर्वीसारख्या हलत नसत, कारण आता त्यांना स्वतःला माहीत होतं.

ग्रामसभेत नेमकं काय करायचं, त्याकडे वळते. हल्ला झाला की प्रत्येकीचं शरीर आधी काहीतरी सांगतं. कोणाचा घसा कोरडा पडतो, कोणाचा आवाज चढतो, कोणाच्या कानशिलाशी गरम होतं. तुमचं लक्षण कोणतं ते ओळखून ठेवा. ते आलं की त्या क्षणी उत्तर द्यायचं नाही, एवढा एकच नियम पाळा. हातात वही-पेन ठेवा. बोलणाऱ्याचं नाव आणि प्रश्न लिहून घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवा: 'अण्णा, तुमचं म्हणणं असं आहे ना, की पेव्हिंग ब्लॉकचं काम अर्धवट असताना बिल निघालं?' याने तुम्हाला अर्धा मिनिट मिळतो. आरडाओरड्यातला प्रश्न वेगळा होऊन सगळ्या सभेला ऐकू जातो. आणि ज्याला फक्त ओरडायचंच होतं, त्याला नेमकं बोलावं लागतं. मग सांगा, 'हे इतिवृत्तात घ्या. याचं उत्तर आत्ता माझ्याकडे आहे, देते', नाहीतर 'कागद बघून अमुक तारखेपर्यंत फलकावर लावते'. दुसरं उत्तर देण्यात कमीपणा नाही. सरपंचाला सगळे आकडे पाठ असतात हा गैरसमज आहे. जे माहीत नाही ते ठोकून देणाऱ्यांनाच नंतर तोंड लपवावं लागतं.

आणि रडू आलं तर? येऊ दे. पाणी प्या, थांबा, वहीतला पुढचा प्रश्न वाचा. सभा सोडून मात्र जाऊ नका. घाबरून ग्रामसभाच टाळणं ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि पुरेशा कारणाशिवाय त्या न घेतल्यास सरपंचाचं पद जाऊ शकतं. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तुमच्या बाजूच्या, निदान तुमचं नीट ऐकून घेणाऱ्या बायका सभेला आल्या तर सभेचा आवाजच बदलतो. त्यासाठीच ग्रामसभेच्या आधी महिला सभा ठेवलेली आहे. बहुतेक ठिकाणी तिच्या नुसत्या सह्या घेतल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. ती खरोखर घ्या. पाणी किती वाजता येतं, शाळेच्या शौचालयाला कडी आहे का, दारूचा गुत्ता कुठे सरकलाय, हे सगळं तिथे कळतं आणि तुमच्यावरची टीकाही तिथे न ओरडता ऐकायला मिळते.

व्हॉट्सअ‍ॅपचं थोडक्यात सांगते. रात्री उत्तर द्यायचं नाही. एका आरोपाला एकदाच उत्तर, तेही ठरावाचा किंवा यादीचा फोटो टाकून. त्यानंतर वाद घालायचा नाही. पुतण्याला दुसऱ्या नंबरवरून भांडायला लावायचं नाही. गावाला कळतंच, आणि मग तुमच्या खऱ्या कागदावरही कोणी विश्वास ठेवत नाही. ग्रुप म्यूट करायला हरकत नाही. रागाने बाहेर पडलात तर तीच पुढच्या आठवड्याची बातमी होते.

माहिती अधिकाराचा अर्ज आला की बऱ्याच सरपंचांना तो वैयक्तिक हल्ला वाटतो. तसा तो घेऊ नका. ३० दिवसांत माहिती द्यायची असते आणि ती देण्याची जबाबदारी जनमाहिती अधिकाऱ्याची असते. तुम्ही त्यांच्या मागे लागून ती वेळेत द्यायला लावा. जी माहिती वारंवार मागितली जाते ती आपणहून फलकावर लावली की अर्ज कमी होतात.

काही टीका तुमच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून येते. घरकुल हे त्यातलं मोठं. घरकुलाच्या लाभार्थ्यांच्या 'ड' यादीत नाव का नाही, याबद्दल लोक सरपंचालाच धरतात, कारण तुम्ही समोर दिसता. इथे 'माझ्या हातात काही नाही' म्हणून विषय झटकू नका. यादी कुठल्या पाहणीतून आली, नाव कोणत्या निकषाने गळलं, तक्रार कोणाकडे करायची, हे त्या माणसाला बसवून सांगा आणि जमलं तर अर्ज लिहून द्या. त्याचा राग घर नसल्याचा आहे. तो तुमच्यावर निघाला, इतकंच.

इथे मला गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण सांगावीशी वाटते. १८९७ साली ते भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेग होता आणि घरं तपासणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या वागण्यावरून शहर संतापलेलं होतं. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप केला. परत आल्यावर तो सिद्ध करता येईल असा पुरावा हाती लागेना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी उघड केली नाहीत, सगळं स्वतःवर घेतलं आणि जाहीर बिनशर्त माफी मागितली. मग दोन्हीकडून मार बसला. इंग्रजांनी खोटं बोलणारा म्हटलं, आपल्यातल्या अनेकांनी कच खाणारा म्हटलं. तेव्हा ते तिशी नुकतीच ओलांडलेले होते. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १९०५ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुढे त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं गाजली ती आकड्यांच्या पक्क्या आधारासाठी. माफी मागावी की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं, की जेवढं सिद्ध करता येत नव्हतं तेवढं त्यांनी मागे घेतलं, दोष दुसऱ्यावर ढकलला नाही आणि सार्वजनिक काम सोडलं नाही. तुमच्या ग्रामपंचायतीत एखादं बिल खरंच चुकीचं निघालेलं असलं, तर त्याच क्रमाने चालावं लागेल.

आता ज्याला मी टीका मानतच नाही त्याबद्दल. जातीवरून बोलणं, चारित्र्यावर घाण टाकणं, फोटो बदलून फिरवणं, घरी येऊन धमकावणं. यात कागदाने उत्तर देण्यासारखा प्रश्न नसतो आणि ते सहन करायला शिकणं हे तुमचं काम नाही. स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ आणि नंबर दिसला पाहिजे. मूळ संदेश फोनमधून पुसू नका आणि दहा जणांना पाठवूही नका. स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणारे शब्द किंवा हावभाव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे. अश्लील मजकूर मोबाइलवरून पसरवण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीतल्या असाल आणि जातीवरून अपमान झाला असेल, तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पोलीस ठाण्यात एकट्या जाऊ नका, बचत गटातल्या दोघी-तिघी सोबत न्या. मात्र 'रस्ता निकृष्ट झाला, सरपंच जबाबदार' असं लिहिणाऱ्यावर बदनामीची तक्रार करायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या कामाबद्दल प्रामाणिकपणे मत मांडायला कायद्यातच मुभा आहे, आणि सरपंचाने टीकाकाराला पोलिसांत खेचलं की गाव टीकाकाराच्या बाजूने उभं राहतं.

'तुला खाली खेचतो' या धमकीचाही हिशेब करून टाकू. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिल्या दोन वर्षांत अविश्वास ठराव आणता येत नाही. त्यानंतरही तो सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने मंजूर व्हावा लागतो आणि मग ग्रामसभेत गुप्त मतदानाने. सरपंचाचं पद खरं धोक्यात येतं ते कागदावर: कुटुंबातल्या कोणाचं सरकारी जागेवर अतिक्रमण, न घेतलेली ग्रामसभा, न वाचता केलेली सही. भीती वाटायची असेल तर ती या तीन गोष्टींची वाटू द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला ती टीकेइतकीच काळजीची वाटते: कौतुक. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर 'कार्यसम्राज्ञी' लिहिलेलं असतं, आणि खाली ज्यांची नावं असतात त्यांतल्या दोघांची बिलं पंचायतीत अडकलेली असतात. टीका ऐकताना आपण निदान सावध असतो. कौतुकाला आपण कधी विचारत नाही की यामागे काय आहे. म्हणून खरं सांगणारं एक माणूस धरून ठेवा, ज्याला तुमच्याकडून काही नको आहे. नवरा नको, पॅनेलप्रमुख नको. अंगणवाडीताई, आशाताई, पाणी सोडणारा शिपाई, यांतलं कोणीही चालेल. शिपायाला गावातली प्रत्येक कुरकुर माहीत असते. त्याला महिन्यातून एकदा चहाला बसवून विचारा, 'लोक माझ्याबद्दल काय बोलतात, नावं सांगू नको, गोष्टी सांग.' आणि तो सांगेल तेव्हा मध्ये एकदाही खुलासा करू नका. हे जमायला सगळ्यात कठीण आहे. एकदा खुलासा केलात की पुढच्या महिन्यात तो 'सगळं ठीक आहे ताई' एवढंच म्हणेल.

झोपेचं. संध्याकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जे बोलणं डोक्यात फिरतंय ते वहीत लिहा आणि खाली उद्या त्याबद्दल कोणता कागद बघायचा ते लिहा. कागद नसेलच, तर तसंच लिहून वही मिटा. मुलांना शाळेत कोणी बोललं तर त्यांना खोटं सांगू नका. 'आईच्या कामावर गावातली माणसं प्रश्न विचारतात, आई उत्तर देते' एवढं त्यांना कळतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तेवढी वाट बघायचीही गरज नाही, आज रात्रीसुद्धा करा.

आणि राजीनामा. तो पंचायत समितीच्या सभापतींकडे द्यायचा असतो आणि द्यायचा हक्क तुमचा आहे. मी 'देऊ नका' म्हणणार नाही, कारण तुमच्या घरातलं, तब्येतीचं मला सगळं माहीत नाही. पण ज्या ग्रामसभेतून रडत परत आलात तिच्या जोरावर तो लिहू नका. आणखी एक ग्रामसभा घ्या. तिच्या आधी डोंगल तुमच्याकडे आलेला असू दे, रोकडवही तुम्ही वाचलेली असू दे आणि दिव्यांची यादी फलकावर लागलेली असू दे. मागच्या सभेत जे तीन-चार जण ओरडले त्यांचे प्रश्न इतिवृत्तातून काढून, त्यांची उत्तरं पहिल्याच विषयात तुम्ही स्वतः उभं राहून वाचा. त्यानंतरही पद सोडावंसं वाटलं, तर तेव्हा तो निर्णय तुमचा असेल. मला जरूर कळवा, मग तो कोणताही असो.